आधी नाव विचारा

तळेगाव दाभाडे
९ डिसेंबर २०२४

श्री. सुहास काजळे,
सचिव, सह्यछाया सोसायटी, यांस,

माझ्या वहिनीला काल आपल्या गेटवरून परत पाठवले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. एरवी मी समितीला पत्रे लिहीत बसत नाही.

वहिनीचे नाव चंपा श्रीपती ओव्हाळ. राहणार कार्ले. माझ्या थोरल्या भावाची पत्नी. भाऊ आता नाही. भात कांडून झाले की डिसेंबरात ती नवा तांदूळ घेऊन माझ्याकडे येते. तो माझा माहेरचा वाटा. भाऊ होता तेव्हा तो आणायचा, आता ती आणते. कळवून येत नाही, कारण माहेरचे माणूस कळवून येत नसते.

काल ती मळवलीहून गाडीने आली, तळेगाव स्टेशनवरून पिशवी डोक्यावर घेऊन चालत गेटपर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली. बी विंगच्या अनघाताईंनी तिला स्टेशनाकडे वळताना पाहिले. संध्याकाळी जिन्यात सहज बोलल्या, तेव्हा मला कळले. मी दिवसभर घरात होते. मला कोणीही विचारले नाही.

चांगला चालणारा इंटरकॉम बंद करून तुम्ही दिवाळीत गेटसाठी हे ॲप आणलेत. तेव्हापासून माझा मोबाइल सारखा किणकिणतो. कुरियर, दूध, भलत्याच फ्लॅटचा पिझ्झा. ज्या एका माणसासाठी तो वाजायला हवा होता, त्याच्या वेळी मात्र वाजला नाही. असे का झाले ते मला लेखी हवे आहे. तोंडी सांगायला घरी येऊ नये.

अनिता भालेराव
ए विंग

⁂

तळेगाव
९ डिसेंबर

वहिनी,

सप्रेम जयभीम. कालपासून फोन करते आहे. तू उचलत नाहीस. आज तर पहिल्याच रिंगला कट केलास. म्हणून पत्र.

तू येऊन परत गेलीस हे मला संध्याकाळी कळले. गेटवरच्या हौशीरामला मी सोडणार नाही. सचिवालाही नाही. मला न विचारता माझ्या माणसाला परत पाठवायचा अधिकार यांना कोणी दिला? तू तिथे मोठ्याने माझे नाव घेऊन ओरडायचे होतेस, मी गॅलरीतून ऐकले असते.

येत्या रविवारी ये. मी स्वतः स्टेशनवर येते.

तुझी,
अनिता

⁂

कार्ले
१४ डिसेंबर

वन्सं,

जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. तुमी लिवलंय तुमाला कुनी इचारलं न्हाई. मी तितं हुबी व्हते वन्सं. मी डोळ्यानं बगितलं. त्या हौशीरामानं पाटीवानी मोबाइल म्होरं धरला, बटनं दाबली, मंग थोडं थांबला. मी म्हनलं काय झालं? तो खाली बगून म्हनला, "मावशी, वरनं न्हाई म्हनत्यात." लाल रंग आलावता त्याच्यावर, मला बी दाखवला. मी म्हनलं, अरं पुन्यांदा इचार. त्यानं इचारलं. पुन्यांदा लाल.

आता बगा, नको आसंल तर नको म्हनावं. मी काय रागवनारी न्हाई. पर इचारलंच न्हाई असं लिवू नका. खोटं बोलायची तुमची सवय न्हवती.

माजा आजा वेशीच्या आत पाय टाकायला भ्याचा, तुमाला ठावं हाय. त्यातनं बाहेर आलो म्हनून आमी तुमाला शिकवलं. सकाळच्या गाडीला मीच डबा आनून द्यायची मळवलीला. तुमच्याच दारात वेशीवर हुबं ऱ्हायची पाळी यील असं वाटलं न्हवतं.

तुमचा वाटा हितं कनगीत ठिवलाय. तुमचा हाय, तुमचाच ऱ्हाईल. न्यायचा तर येऊन न्या. मी डोक्यावर घिऊन यायची न्हाई आता.

चंपा

⁂

सह्यछाया सोसायटी
१६ डिसेंबर

आदरणीय भालेराव काकू,

आपल्या पत्राची समितीने गंभीर दखल घेतली असून चौकशी पूर्ण झाली आहे. यंत्रणेतील नोंदीनुसार रविवारी सकाळी आपल्या फ्लॅटसाठी 'घरकाम' या प्रकारात एक विनंती पाठवण्यात आली व आपल्याच मोबाइलवरून ती दोन वेळा नाकारण्यात आली. नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. तरी सुरक्षारक्षकाचा अगर समितीचा यात दोष दिसून येत नाही.

आपण ज्येष्ठ आहात, तंत्रज्ञान नवे असते, चूक होऊ शकते. ॲप वापरण्याचे छोटे प्रशिक्षण हवे असल्यास क्लबहाऊसमध्ये शनिवारी व्यवस्था करता येईल.

आपला,
सुहास काजळे

⁂

तळेगाव
१७ डिसेंबर

वहिनी,

तू खरे लिहिलेस. लाल बटण मीच दाबले. दोन वेळा.

मी खोटे बोलले नव्हते, पण त्याने तुला काय फरक पडतो? झाले ते असे. रविवारी सकाळी मी ओट्याशी होते. मोबाइल वाजला. पडद्यावर लिहिले होते: 'घरकाम. आत सोडायचे?' खाली हिरवे आणि लाल. नाव नाही, फोटो नाही. माझ्याकडे कामाला बाई नाही, तुला माहीत आहे. कोणी काम मागायला आले असेल, किंवा नेहमीसारखा चुकीच्या फ्लॅटचा निरोप असेल, असे समजून ओल्या हाताने दाबून टाकले. पुन्हा वाजला, तेव्हा चिडून दाबले. मग विसरूनही गेले. खाली तू असशील हे माझ्या डोक्यातही आले नाही.

लोणावळ्याच्या टेलिफोन केंद्रात मी नोकरीची सगळी वर्षे काढली. रिंग आली की पहिले वाक्य ठरलेले: कोण बोलतंय? कोणाशी बोलायचंय? नाव कळल्याशिवाय मी कोणाचा कॉल जोडला नाही आणि तोडलाही नाही. मोठमोठे साहेब चिडायचे, 'नाव कशाला हवं, लाइन द्या.' मी म्हणायचे, नाव सांगा, मग लाइन. आणि माझ्या स्वतःच्या दारात मी न विचारता तुझी लाइन तोडली.

आता तुझ्यावर राग. सासरी आल्यापासून तू मला अने म्हणत आलीस. माझ्या वेण्या घालताना अने, माझ्या लग्नात रडताना अने. आता वन्सं आणि तुमी? मार हवे तर, पण हे नको.

ये. मी गेटवर उभी राहते.

अनिता

⁂

कार्ले
२१ डिसेंबर

वन्सं,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पटलं. तुमी मुद्दाम क्येलं न्हाई हे आता पटलं.

पर एक गोष्ट मनात ऱ्हायली ती लिवते. तुमी लिवलंय, तुमाला वाटलं कामवाली हाय, म्हनून लाल दाबलं. वन्सं, आन खरंच कामवाली आसती तर? ती बी कुनाची तरी वैनी आसंल. डोक्यावर काय न्हाई तर पोटात भूक आसंल. तिला तरी इचारायचं व्हतं, बाई तू कोन, काय पायजे. काम न्हाई तर न्हाई म्हनायचं, त्वांडानं. त्या लाल दिव्यानं मानसाला मागं लावायचं हे मला काय बरं वाटलं न्हाई.

मी रागात न्हाई. पर मी यीन ती माजं नाव सांगून यीन. कामवाली म्हनून न्हाई, पावनी म्हनून बी न्हाई. जी हाय ती म्हनून. तसं व्हनार आसंल तर सांगा.

पावट्याला शेंगा चांगल्या आल्यात.

चंपा

⁂

तळेगाव
२४ डिसेंबर

श्री. काजळे,

आपल्या चौकशीबद्दल आभार. नोंद खरी आहे. नकार मी दिला. प्रशिक्षण नको.

पण तुमची चौकशी अर्धवट आहे. उरलेली अर्धी मी काल केबिनमध्ये जाऊन केली. हौशीरामला विचारले, "अरे, बाई तुला सांगत होती की मी कार्ल्याहून आले, भालेरावबाईंची वहिनी आहे. मग तू 'घरकाम' का लिहिलंस? लुगडं बघून?"

तो कानाला हात लावून म्हणाला, "न्हाई हो म्याडम! मी बी परंदवडीचा, माजी आय लुगडंच नेसती. आवो, 'पाहुणे' दाबलं की ते गाडीचा नंबर मागतं. नंबर टाकल्याबिगर म्होरंच जात न्हाई. मावशी तर चालत आल्त्या. 'घरकाम' दाबलं की काय मागत न्हाई, सुळकन जातं. चालत येनाऱ्या समद्यांना आमी 'घरकाम'च टाकतो."

काजळे, हे वाचून तुम्हाला काही वाटले का? तुमच्या यंत्रणेला पायी येणारा पाहुणा ठाऊकच नाही. गाडी असेल तर पाहुणा, नसेल तर मोलकरीण. गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या चैतालीचे वडील सोमाटण्याहून चालत आले, तेही 'घरकाम'. तिने त्यांना ओळखले ते फक्त ते फाटकाबाहेर मोठ्याने खोकले म्हणून.

काल केबिनमधून परतताना मी गाडीच्या नंबराचे बोलले, तर तुम्ही जिन्यात मला उपाय सुचवलात, की नंबराच्या जागी चार शून्ये टाकावीत. नाही. माझ्या वहिनीला खोटी गाडी मी देणार नाही. ती पायी येते. ज्याला आत घ्यायचे त्याने ती पायी आली असेच लिहावे.

म्हणून कळवते की मी ॲप मोबाइलमधून काढून टाकले आहे. परत घालणार नाही. नियमाप्रमाणे सभासद स्वतः गेटवर येऊन आपल्या माणसाला आत नेऊ शकतो. उद्यापासून मी खुर्ची घेऊन गेटवर बसेन. माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारेन, कोण तुम्ही, काय हवे. सोसायटीला माझी अडचण होत असेल तर इंटरकॉम सुरू करावा.

अनिता भालेराव

⁂

सह्यछाया सोसायटी
१ जानेवारी २०२५

आदरणीय काकू,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

आपण गेटवर बसता याबद्दल समितीची तशी हरकत नाही. परंतु आता आपल्याबरोबर अनघाताई, चैतालीचे वडील आणि डी विंगचे तीन निवृत्त गृहस्थही खुर्च्या टाकून बसतात. आपण सगळे प्रत्येक येणाऱ्याला नाव, गाव आणि काम विचारता. काल एका डिलिव्हरीवाल्याला आपण त्याचे गाव विचारले, ते कामशेतजवळचे निघाले, आणि पुढे त्याच्या मामांची चौकशी सुरू झाली. मागे गाड्यांची रांग माझ्या स्वतःच्या गाडीपर्यंत आली होती.

इंटरकॉमविषयी: ती यंत्रणा नादुरुस्त असल्याचे ॲप बसवणाऱ्यांनी लेखी कळवले होते. दुरुस्ती परवडणारी नाही. तरी रविवारी विशेष सभा बोलावली आहे. कृपया तोपर्यंत खुर्च्या आत घ्याव्यात.

आपला,
सुहास

⁂

तळेगाव
६ जानेवारी

वहिनी,

खुर्च्या आत घेतल्या नाहीत.

कालच्या सभेचे सांगते. सुहास काजळे उभा राहिला. तसा वाईट नाही तो, फक्त त्याला वाटते की जे पडद्यावर दिसते तेवढेच घडते. म्हणाला, "काकू, जग पुढं चाललंय."

मी म्हणाले, "चालू दे. गेटवर नाव सांगून जा म्हणावं."

लोक हसले. मग वरच्या मजल्यावरचा प्रितम म्हणाला, "मॅडम, 'घरकाम' म्हणजे काय शिवी आहे का? नुसता एक पर्याय आहे तो."

"शिवी नाहीच," मी म्हणाले. "काम करणाऱ्या बायांवरच तुमची घरं चालतात. पण त्या यादीत 'भंगार-रद्दी' हाही एक पर्याय आहे. उद्या तुमचे सासरे पायी आले आणि हौशीरामनं सोपं पडतं म्हणून ते दाबलं, तर चालेल?"

त्याची बायको तेजल सर्वांत मोठ्याने हसली. म्हणाली, "माझे बाबा पायीच येतात हो."

मग तू लिहिलेले मी सांगितले. तुझे नाव घेऊनच सांगितले. म्हणाले, माझी वहिनी विचारते आहे की खरंच काम मागणारी बाई आली असती तर तिला तरी तोंडानं का विचारू नये? तिला नाही म्हणायचे असेल तर माणसाने म्हणावे. यावर कोणी हसले नाही. अनघाताईंकडची धुणीभांडी करणारी बाई मागे पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "मला तर रोज लाल येतं. मग मी फोन करते, मग हिरवं होतं." लाल दाबणाऱ्या अनघाताईच, माझ्यासारख्या न बघता; आपण तिला रोज असे मागे लावतो हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

शेवटी प्रश्न इंटरकॉमचा. सुहास म्हणाला, "पण तो बिघडलेलाच आहे काकू, त्याला मी काय करू?" मी म्हटले, चल दाखव. सगळी सभा उठून केबिनमध्ये. तिथे पाण्याच्या कॅनच्या मागे यंत्र धूळ खात होते. मी खाली वाकून बघितले. त्याचा प्लग काढून भिंतीवरच्या एकुलत्या सॉकेटमध्ये हौशीरामच्या त्या पाटीएवढ्या टॅबचा, ॲपवाल्या, चार्जर खोचलेला! एवढाच बिघाड. टॅबला वीज हवी, म्हणून इंटरकॉम नादुरुस्त.

मी वर जाऊन माझा एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि दोन्ही प्लग लावले. यंत्राचा हिरवा दिवा लागला. मग माझ्या घरचा हँडसेट मुका निघाला. तार जिथे जुळते त्या पत्र्यांवर गंज चढला होता. केंद्रात आम्ही करायचो तसे खोडरबराने घासून काढले. खालून हौशीरामने फोन केला: "हॅलो, म्याडम? मी हौशीराम बोलतोय, गेटावरनं."

वहिनी, किती दिवसांनी कोणीतरी आधी नाव सांगितले.

ठराव झाला. येणाऱ्याचे नाव विचारायचे, इंटरकॉमवर ते सांगायचे, तोंडाने हो किंवा नाही घ्यायचे. कोणीही असो. ज्यांना ॲप हवे त्यांनी वापरावे, पण नाव घातल्याशिवाय विनंती पाठवायची नाही. गेटवरच्या नोंदवहीत 'प्रकार' हा रकाना आता येणारा स्वतः सांगेल तसा भरायचा. आणि थांबणाऱ्याला बसायला केबिनबाहेर बाक. सुहासने बाकाला विरोध केला. बाक मी दिला.

आता तरी येशील?

अनिता

⁂

कार्ले
९ जानेवारी

अने,

तुजं पत्र सुनेनं वाचून दाखवलं, मंग मी सोता वाचलं. भर सबंत माजं नाव घ्यायची काय गरज व्हती? वाडीत समद्यांना सांगत सुटलीय सून, "आमच्या आत्यांनी सोसायटी हालवली."

रविवारी येते. स्टेशनावर यायचं न्हाई. गेटावर बी हुबं ऱ्हायचं न्हाई. वर घरात थांब. मी खाली नाव सांगीन आन बगीन, तुज्या त्या खोडरबराच्या फोनातनं तू काय म्हंतीस.

त्या कामवाल्या बाईचं नाव काय ते बी इचारून ठिव. तिच्यासाटी पावटा आनते.

तुजी वैनी,
चंपा

⁂

तळेगाव दाभाडे
१२ जानेवारी २०२५

श्री. सुहास काजळे, सचिव, यांस,

आपण ठरावाच्या अंमलबजावणीचा अहवाल मागितला होता. ठरावाप्रमाणे आज माझ्याकडे प्रथमच आलेल्या व्यक्तीची नोंद खाली देत आहे. आपण स्वतः केबिनपाशी उभे होता, तेव्हा पडताळून घ्यावी.

गेटवर हौशीरामने विचारले, "मावशी, नाव?" उत्तर आले, "चंपा श्रीपती ओव्हाळ, मुक्काम कार्ले." इंटरकॉमवर त्याने ते नाव जसेच्या तसे मला सांगितले. मी म्हणाले, "हो. माझी वहिनी आहे. पाठव." तो म्हणाला, "म्याडम, मावशी म्हनत्यात अजून येकदा म्हना." मी अजून एकदा म्हणाले.

'प्रकार' या रकान्यात काय लिहू, असे त्याने तिला विचारले. तिने सांगितले ते त्याने लिहिले आहे: 'माहेर'. आपण ते खोडून 'पाहुणे' करू पाहत होतात असे मला कळले. तसे करू नये. ठरावात येणारा सांगेल तसे, असे शब्द आहेत.

आणलेल्या व दिलेल्या वस्तू अशा. नवा इंद्रायणी तांदूळ, एक पिशवी, मला पोचला. कारळ्याची चटणी, पोचली. पावट्याच्या शेंगा अनघाताईंकडे काम करणाऱ्या सुमनबाईंना, वहिनीच्या हातून, नाव विचारून. ओंजळभर तांदूळ हौशीरामला. ड्यूटीवर घेता येत नाही म्हणाला आणि रुमालात बांधून घेतला. एक वाटी तांदूळ सचिवांना. नको म्हणाले, मग वाटीसकट नेला. वाटी अद्याप परत आलेली नाही.

वहिनी संध्याकाळच्या गाडीने गेली. पिशवी मी तिला परत दिलेली नाही. आमच्याकडे रिकामी पिशवी माघारी देत नाहीत, आणि भरून द्यायला आज माझ्याकडे तिच्या तोलाचे काही नव्हते. ती पिशवी माझ्या दारामागे खुंटीला आहे. न्यायला ती स्वतः येईल.

अनिता भालेराव